टीव्ही बघायला फोन घेताय? मग दोन फोनांची तुलना अशी करा (ठाणे-नवी मुंबईकरांसाठी सविस्तर)

संध्याकाळच्या ठाणे-वाशी लोकलमध्ये बघा, बसलेला असो नाहीतर दांड्याला लटकलेला, ज्याच्या त्याच्या फोनवर काहीतरी चालू असतं. कोणाची मॅच, कोणाची कालची राहिलेली सिरीयल, कोणाच्या बातम्या. घरचा टीव्ही आता फक्त जेवताना लागतो, बाकी सगळं बघणं फोनवरच. तरीही फोन घ्यायला गेलं की आपण विचारतो काय, तर कॅमेरा किती मेगापिक्सेल, रॅम किती, चार्जिंग किती वॅटचं. रोज दोन-दोन तास ज्या कामासाठी फोन वापरतो त्या कामाचा एकही प्रश्न विचारत नाही.

मला फोनांचं वेड आहे, मित्रमंडळी आणि नातेवाईक फोन घ्यायच्या आधी मलाच विचारतात, आणि त्यातले बरेच जण "टीव्ही बघायला चांगला कुठला?" असंच विचारतात. तर ते सगळं एकदा नीट लिहून काढतोय. मूळ मुद्दा एकच आहे. स्क्रीनवर शेवटी जे चित्र दिसतं ते तुमचा प्लॅन, फोनचं डीआरएम (पैसे भरून बघायच्या व्हिडिओचं कुलूप), चिप, स्क्रीन आणि नेटवर्क या सगळ्यांतून गाळून येतं, आणि यातलं जे सगळ्यात कमजोर असेल तेवढंच चित्र तुम्हाला मिळतं, बाकीचं कितीही भारी असलं तरी. म्हणून तुलना याच क्रमाने करायची, फुकटात आणि पटकन तपासता येतं ते आधी.

आधी घरी बसून: काय बघता, कुठे बघता

दुकानात जायच्या आधी हे ठरवून टाका. तुम्ही मुख्यतः काय बघता? मराठी सिरीयल, लाईव्ह क्रिकेट, वेब सिरीज, की यूट्यूबवर न्यूज चॅनल? आणि कुठे बघता, लोकलमध्ये उभ्याने, ऑफिसच्या बसमध्ये, की रात्री दिवे बंद करून गादीवर पडून? याचं उत्तर बदललं की फोन बदलतो. ऐरोली-महापेला रोज ट्रेनने जाणाऱ्याला नेटवर्क आणि बॅटरी महत्त्वाची. रात्री अंधारात बघणाऱ्याला कमी ब्राइटनेसला स्क्रीन कशी दिसते ते महत्त्वाचं. आणि आईसाठी घेत असाल, जी किचनच्या ओट्यावर फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून मेथी निवडता निवडता सिरीयल बघते, तर स्पीकरचा आवाज आणि बाजूने बघितल्यावर रंग कसे दिसतात हे सगळ्यात आधी बघा. तिला १२० वॅट चार्जिंगचं काय करायचंय?

अ‍ॅपचीही यादी करा. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी जिओहॉटस्टारवर, झी मराठी झी५ वर, सोनी मराठी सोनी लिव्हवर. जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार मिळून फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओहॉटस्टार झालं, त्यामुळे तिथे तरी एक अ‍ॅप कमी झालं. डीडी सह्याद्री बघायचं असेल तर प्रसार भारतीचं वेव्हज अ‍ॅप आहे, नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात सुरू झालेलं. न्यूज चॅनल तर जवळपास सगळे यूट्यूबवर लाईव्ह असतात.

मग प्लॅन बघा. यात फार लोक फसतात. नेटफ्लिक्सचा मोबाईल प्लॅन, जो डिसेंबर २०२१ मध्ये १९९ वरून १४९ रुपयांना आला, त्यात चित्र ४८०पीच्या वर जातच नाही, मग फोन पंधरा हजाराचा असो की दीड लाखाचा. शिवाय त्या प्लॅनवर टीव्हीवर बघताही येत नाही. बाकी अ‍ॅपच्या स्वस्त प्लॅनमध्येही रिझोल्यूशनवर आणि किती डिव्हाइसवर चालेल यावर बंधनं असतात, ती पेमेंटच्या पानावरच लिहिलेली असतात, वाचून घ्या. प्लॅनच एसडी, म्हणजे ४८०पीसारखा कमी रिझोल्यूशनचा असेल तर भारी स्क्रीनसाठी जास्तीचे दहा हजार टाकू नका, त्यातले थोडे प्लॅनमध्ये टाका, फरक लगेच दिसेल.

दुकानातलं पहिलं काम: एल१ आहे का

दुकानात डेमो फोनवर काय चालू असतं? कंपनीने आधीच भरून दिलेला फोर-के व्हिडिओ, समुद्र, पोपट, रंगीत फुगे. नाहीतर सेल्समन यूट्यूब लावून देतो. दोन्हीत चित्र झकास दिसतं, पण त्यातून तुम्हाला हवं ते काहीच कळत नाही, कारण पैसे भरून बघायच्या अ‍ॅपवर वेगळं कुलूप असतं. अँड्रॉइडवर त्या कुलपाचं नाव वाइडवाइन, गुगलचं आहे. त्याच्या दोन लेव्हल आपल्या कामाच्या: एल१ आणि एल३. एल१ मध्ये व्हिडिओ उलगडायचं काम चिपच्या सुरक्षित भागात होतं, म्हणून अ‍ॅप एचडी देतं. एल३ मध्ये ते काम नुसत्या सॉफ्टवेअरवर चालतं, म्हणून बहुतेक अ‍ॅप ४८०पीच्या आसपासच थांबवतात. स्क्रीन फुल एचडी प्लस, आत येतंय एसडी!

हे काही कागदावरचं भांडण नाही. २०१८ मध्ये आलेला पोको एफ१ आठवत असेल, त्या किमतीत स्नॅपड्रॅगन ८४५ म्हणून लोक तुटून पडले होते, आणि नंतर कळलं की त्यात एल१ नाही. ते पुढे २०१९ मध्ये अपडेटने आलं. आज नव्या फोनांत एल१ बहुतेक असतं, पण अगदी स्वस्तातल्या फोनात, अनोळखी ब्रँडच्या टॅबमध्ये आणि सेकंडहँडमध्ये तपासल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

तपासायचं कसं? प्ले स्टोअरवर डीआरएम इन्फो नावाचं छोटं अ‍ॅप आहे, टाकलं की वाइडवाइनखाली सिक्युरिटी लेव्हल दिसते. त्याहून पक्कं म्हणजे नेटफ्लिक्समध्ये लॉगिन करून अ‍ॅप सेटिंग्जमध्ये प्लेबॅक स्पेसिफिकेशन उघडायचं. तिथे वाइडवाइन लेव्हल, जास्तीत जास्त रिझोल्यूशन आणि एचडीआर (उजेड-अंधार जास्त खुलवून दाखवणारं चित्र) आहे की नाही, सगळं लिहिलेलं असतं. दोन्ही बघायचं कारण असं की एल१ असूनही नेटफ्लिक्सने तो फोन किंवा चिप आपल्या यादीत घेतली नसेल तर एचडी मिळत नाही. दुकानदाराला सरळ सांगा, "दादा, डेमो पीसवर माझं अकाउंट टाकून दोन मिनिटं बघतो, लगेच काढतो." गोखले रोडच्या दुकानांत मला यावर कोणी नाही म्हटलेलं नाही, मोठ्या शोरूममध्ये कधीकधी डेमो मोडमुळे अ‍ॅप टाकता येत नाही, मग ज्याच्याकडे तो फोन आहे असा ओळखीतला माणूस शोधायचा. लॉगआउट करायला मात्र विसरू नका.

सेकंडहँड घेणाऱ्यांनी हे अजून बारकाईने बघा. ज्याचा बूटलोडर अनलॉक केलाय, म्हणजे मूळ सॉफ्टवेअर बदलता यावं म्हणून फोन मोकळा केलाय, असा फोन बऱ्याचदा एल१ वरून एल३ वर घसरतो, आणि बाहेर कुठेतरी मदरबोर्ड बदललेला असेल तरी तेच होऊ शकतं, कारण ते कुलूप उघडायची किल्ली कारखान्यातच त्या बोर्डावर टाकलेली असते. वरून फोन कोरा दिसेल, स्क्रॅच नसेल, आणि आत ४८०पी. आयफोनमध्ये हा प्रकार नाही, तिथे अ‍ॅपलचं स्वतःचं फेअरप्ले चालतं.

स्क्रीन: इंचाच्या आकड्यावर जाऊ नका

६.७ इंच म्हटलं की मोठा वाटतो. पण आजचे फोन उंच असतात, साधारण २०:९, आणि सिरीयल, क्रिकेट, बातम्या सगळं १६:९ मध्ये येतं. आडवा धरला की दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. गणित केलं तर ६.७ इंची फोनवर प्रत्यक्ष चित्र साधारण ५.६ इंचाचं मिळतं. दोन बोटांनी झूम करून स्क्रीन भरता येते, पण मग वरखाली मिळून २० टक्के चित्र कापलं जातं, आणि क्रिकेटमध्ये नेमकी स्कोअरची पट्टीच जाते. फोल्डिंग फोनचंही तसंच, आतली स्क्रीन ७.६ इंच पण जवळपास चौकोनी, त्यामुळे १६:९ चित्र ६.७ इंचाच्या आसपास येतं. मोठं आहेच, पण किमतीच्या मानाने किती मोठं ते तुम्हीच ठरवा. घरातच बघायचं असेल, म्हणजे आईबाबांसाठी वगैरे, तर ८.७ इंची वाय-फाय टॅबवर साडेआठ इंचाचं चित्र मिळतं आणि खर्च चांगल्या फोनपेक्षा बराच कमी. मी तर घरच्या मोठ्यांसाठी आधी टॅबच सुचवतो.

मग ब्राइटनेस. बॉक्सवर ३०००-४००० निट्स छापलेलं असतं, तो आकडा पीक, म्हणजे एचडीआर चालू असताना स्क्रीनच्या छोट्याशा भागात क्षणभर मिळणारा. उन्हात अख्खी स्क्रीन किती उजळते तो आकडा वेगळा, त्याला एचबीएम म्हणतात, तुलना करायची तर त्याची करा. आणि आकडा नाही मिळाला तरी दोन्ही फोन घेऊन दुकानाच्या दाराशी या, ऑटो-ब्राइटनेस चालू ठेवून एखादा रात्रीचा सीन लावा. माणसांचे चेहरे दिसतायत की फक्त स्वतःचं प्रतिबिंब दिसतंय? एवढ्याने कळतं. गॉगल लावत असाल तर तो घालून फोन आडवा-उभा फिरवून बघा, पोलराइज्ड गॉगलमधून काही स्क्रीन एका दिशेने काळ्याठिक्कर पडतात.

अंधारात बघणाऱ्यांनी उलटं करायचं. ब्राइटनेस अगदी खाली आणा आणि तोच सीन बघा. अमोलेडमध्ये काळा रंग खरा काळा येतो हे बरोबर, पण स्वस्त पॅनलवर कमी ब्राइटनेसला गडद राखाडी भागात डाग दिसतात, कधी स्क्रीन हिरवट नाहीतर गुलाबी झाक मारते. बऱ्याच अमोलेड स्क्रीन कमी ब्राइटनेसला भराभर चालू-बंद होऊन उजेड कमी करतात, त्याने काहींचे डोळे चुरचुरतात, डोकं जड होतं. दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोडमध्ये शटर फास्ट करून ही स्क्रीन बघा, काळे पट्टे सरकताना दिसले तर तो प्रकार आहे. तुम्हाला त्रास होत नसेल तर सोडून द्या, होत असेल तर चांगली एलसीडी किंवा जास्त फ्रिक्वेन्सीचं डिमिंग असलेला फोन बघा.

एचडीआरबद्दल एवढंच, की बॉक्सवर एचडीआर१० लिहिलं म्हणजे फोन ते सिग्नल वाचतो, दाखवण्याइतका उजेड पॅनलमध्ये असेलच असं नाही. बजेट फोनमध्ये त्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

ब्रेकिंग न्यूजच्या पट्टीची टेस्ट

ही माझी आवडती टेस्ट, आणि कुठल्याच रिव्ह्यूमध्ये मी बघितलेली नाही. यूट्यूबवर कुठलंही मराठी न्यूज चॅनल लाईव्ह लावा आणि फक्त खाली उजवीकडून डावीकडे सरकणारी पट्टी बघा. अक्षरं सलग सरकतायत की झटके देत चालतायत? दोन फोन शेजारी ठेवलेत तर फरक चटकन कळतो.

असं का होतं ते सांगतो. आपल्याकडचा टीव्ही प्रसारणाच्या जुन्या पाल पद्धतीपासून सेकंदाला २५ फ्रेमवर चालत आलाय, सिरीयल, बातम्या सगळं त्याच हिशोबात. सिनेमा २४ फ्रेमचा. फोनची स्क्रीन ६० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र ताजं करणारी असेल तर २५ ने ६० ला भाग जात नाही, म्हणून काही फ्रेम दोनदा दाखवल्या जातात, काही तीनदा, आणि डोळ्याला ते झटक्यासारखं जाणवतं. १२० हर्ट्झवर २४ फ्रेमचा सिनेमा बरोब्बर पाच-पाच वेळा बसतो, आणि २५ फ्रेमचं चित्र चार-पाच वेळा, म्हणजे असमानपणा उरतो पण खूप कमी. तेव्हा टीव्ही बघायला १२० हर्ट्झचा खरा फायदा हा आहे. लोकांना वाटतं तो गेमसाठी असतो.

पण यात एक झोल असतो. बरेच फोन व्हिडिओ अ‍ॅप उघडलं की बॅटरी वाचवायला गुपचूप ६० वर येतात. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये शो रिफ्रेश रेट चालू करा, कोपऱ्यात आकडा दिसेल, मग अ‍ॅप उघडून बघा किती राहतो. काही फोनांत अ‍ॅपनुसार हा रेट सेट करता येतो, ती सोय असेल तर तो फोन माझ्या लेखी वर.

चिप आणि कोडेक

इथे थोडक्यात आटोपतो. व्हिडिओ दाबून पाठवायच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. एच.२६४ जुना (२००३), मग एचईव्हीसी (२०१३), आणि त्यानंतरचा एव्ही१ (२०१८). नव्या कोडेकमध्ये तेवढंच चित्र कमी डेटात येतं. फोनच्या चिपमध्ये एव्ही१ उलगडायचं हार्डवेअर असेल तर डेटाही वाचतो, बॅटरीही. नसेल तर एकतर जुन्या कोडेकमध्ये जास्त डेटा लागतो, नाहीतर प्रोसेसर ते काम अंगावर घेतो आणि बॅटरी खातो. मीडियाटेकने हे डायमेन्सिटी १००० पासून दिलं, क्वालकॉमने स्नॅपड्रॅगन ८ जेन २ पासून, अ‍ॅपलने आयफोन १५ प्रो पासून. मधल्या किमतीत भेळमिसळ आहे, नाव सारखंच वाटतं पण एका चिपमध्ये असतं आणि दुसऱ्या चिपमध्ये नसतं, म्हणून कोडेक इन्फोसारखं अ‍ॅप टाकून खात्री करा. चालू व्हिडिओ कुठल्या कोडेकमध्ये येतोय ते यूट्यूबच्या स्टॅट्स फॉर नर्ड्समध्ये दिसतं, जनरल सेटिंग्जमधून ते आधी चालू करावं लागतं.

फोन चार-पाच वर्षं वापरणार असाल तर एव्ही१ असलेलाच घ्या, दोन वर्षांत बदलणार असाल तर यावर अडून बसू नका.

नेटवर्क: तुमच्या रस्त्यावर, तुमच्या सिमवर

स्पीड टेस्टमध्ये तीनशे-चारशे आला म्हणून लोक खूश होतात, पण व्हिडिओला तेवढा लागतच नाही. साधं गणित लक्षात ठेवा: जितके एमबीपीएस, त्याला ०.४५ ने गुणलं की तासाला किती जीबी ते निघतं. २ एमबीपीएसला तासाला ०.९ जीबी, ५ एमबीपीएसला सव्वादोन जीबी. फोनच्या स्क्रीनवर २-३ एमबीपीएस सलग मिळालं तरी चित्र छान दिसतं. सलग हा शब्द महत्त्वाचा! ३०० येऊन मध्येच दहा सेकंद शून्य झालं तर चाक फिरतं, आणि ४ एमबीपीएस न तुटता आलं तर काहीच अडत नाही.

आणि आपल्या भागात तुटायच्या जागा भरपूर. ठाण्याहून वाशीकडे निघालं की पारसिकच्या डोंगरातला बोगदा लागतो, तिथे कुठलाही फोन असो. घोडबंदर रोडच्या उंच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यांवर वेगळाच त्रास, चारी बाजूचे मोबाईल टॉवर दिसतात म्हणून सिग्नलच्या दांड्या फुल असतात पण व्हिडिओ अडकतो. मोबाईल टॉवरचे अँटेना खाली रस्त्याकडे झुकवलेले असतात, पंचविसाव्या मजल्यासाठी नसतात, आणि एवढ्या उंचीवर दूरदूरचे सिग्नल एकमेकांत मिसळून गोंधळ घालतात. येऊरच्या पायथ्याशी नाहीतर खारघरच्या डोंगराकडच्या सेक्टरमध्ये राहणाऱ्यांना हा विषय मी सांगायला नको.

फोनची तुलना करताना ५जीचे बँड बघा. ३.३ गिगाहर्ट्झचा एन ७८ सगळ्यांनाच लागतो. जिओ असेल तर ७०० मेगाहर्ट्झचा एन २८ हवाच, कमी फ्रिक्वेन्सी भिंतीतून आत जास्त पोचते, म्हणजे घरात आणि ट्रेनच्या डब्यात तीच कामाला येते. जिओचं ५जी स्टँडअलोन (एसए), म्हणजे ४जीच्या आधाराशिवाय चालणारं आहे, त्यामुळे फोनला एसए सपोर्ट पाहिजे. हे सगळं कंपनीच्या साइटवर स्पेसिफिकेशनच्या पानावर खाली बारीक अक्षरात असतं. परदेशातून कोणी आणलेला फोन घेत असाल तर हे दोनदा बघा.

मग खरी टेस्ट. तुमच्या रोजच्या रस्त्यावर ज्याच्याकडे तो फोन आहे अशा सहकाऱ्याला पकडा, दोघांचं सिम एकाच कंपनीचं असेल असं बघा, आणि दोन फोनवर एकच लाईव्ह चॅनल लावून नेरूळपर्यंत जा. कुठला आधी अडकतो, आणि मुख्य म्हणजे बोगद्यातून बाहेर आल्यावर कुठला आधी सावरतो? मॉडेम (फोनमधला नेटवर्क पकडणारा भाग) चांगला असलेला फोन दोन-तीन सेकंदांत परत धावायला लागतो, दुसरा तोवर टॉवरच शोधत बसतो. हे कुठल्याच स्पेक-शीटवर लिहिलेलं नसतं.

डेटाचंही बघून घ्या. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर जिओ आणि एअरटेलने अनलिमिटेड ५जी रोज २ जीबी आणि त्यावरच्या प्लॅनपुरतं ठेवलं, त्याखालच्या प्लॅनवर तुमची रोजची मर्यादा संपली की स्पीड ६४ केबीपीएस, त्यात चित्र सोडा, थंबनेलही येत नाही. नेटफ्लिक्समध्ये मोबाईल डेटा युसेजमध्ये सेव्ह डेटा निवडलं तर एका जीबीत साधारण सहा तास निघतात, ऑटोमॅटिकवर चार तास, आणि मॅक्सिमम केलं तर वीस मिनिटांत एक जीबी जाऊ शकतो. आणि सगळ्यात भारी उपाय म्हणजे रात्री घरच्या वाय-फायवर एपिसोड डाउनलोड करून ठेवणे. ज्यांचं बघणं मुख्यतः ट्रेनमध्ये आहे त्यांनी १२८ जीबीच्या जागी २५६ घ्या, त्या पैशांचा उपयोग रोज होतो.

लाईव्ह मॅच उशिरा का येते

मॅचच्या रात्री सोसायटीत हा अनुभव सगळ्यांना येतो. समोरच्या बिल्डिंगमधून "आउट!" म्हणून आरडाओरडा होतो आणि आपल्या फोनवर बॉलर अजून रनअप मोजतोय. फोन खराब नसतो. इंटरनेटवर व्हिडिओ काही-काही सेकंदांच्या तुकड्यांत येतो आणि अ‍ॅप असे दोन-चार तुकडे साठवून मगच दाखवायला सुरू करतं, त्यामुळे डिशपेक्षा अर्धा मिनिट मागे राहणं नेहमीचंच. उपग्रहावर जाऊन यायला सिग्नलला पाव सेकंद पुरतो. फोन बदलून हे जाणार नाही, पण मध्ये नेट अडकून तुम्ही आणखी मागे पडला असाल तर अ‍ॅपमधलं लाईव्हचं बटण दाबा, नाहीतर अ‍ॅप बंद करून परत उघडा, साठलेला उशीर तरी जातो. बाकी मॅचच्या वेळी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप म्यूट करा.

आवाज

आडवा फोन धरल्यावर तळहाताखाली स्पीकर झाकला जातोय का ते बघा. स्टीरिओ लिहिलेलं असलं तरी बजेट फोनात दुसरा स्पीकर म्हणजे कानाचाच असतो, त्याचा आवाज पिचका. स्पीकर तपासताना संवाद ऐकून बघायचे, गाणं नाही. सिरीयलमधला एखादा हळू बोलण्याचा सीन लावून दोन हात लांब उभे राहा, शब्द कळले तर पास.

ट्रेनमध्ये इअरफोनच लावा, डब्यातल्या बाकीच्यांनी तुमची सिरीयल का ऐकावी? वायरवाले वापरत असाल आणि फोनला ३.५ चा जॅक नसेल तर अ‍ॅडॉप्टर घेताना आत डॅक चिप (डिजिटल आवाज इअरफोनला चालेल असा करून देणारी) असलेला घ्या. स्टेशनबाहेर मिळणारे अगदी स्वस्त अ‍ॅडॉप्टर नुसती वायर जोडणारे असतात, बऱ्याच फोनांवर ते मुके राहतात. ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोचतो, चांगली अ‍ॅप तेवढं चित्र मागे ओढून ओठ जुळवून घेतात, पण सगळी नाही, म्हणून तुम्ही जी अ‍ॅप बघता त्यावरच तपासा.

बॅटरी, आणि मे महिन्यातली गरमी

नुसता ५००० एमएएच आकडा काही सांगत नाही. ओळखीच्याच्या फोनवर एक डाउनलोड केलेला एपिसोड एअरप्लेन मोडमध्ये, ब्राइटनेस निम्मा ठेवून तासभर चालवा आणि किती टक्के गेले ते लिहा. मग तसाच तासभर मोबाईल डेटावर, तोही प्रवासात. पहिला आकडा स्क्रीन आणि चिपचा, दोन्हींतला फरक मॉडेमचा. दुसरा आकडा पहिल्याच्या दुपटीपुढे गेला तर तो फोन रोज ट्रेनमध्ये बघणाऱ्याच्या कामाचा नाही. याच वेळी फोनची पाठ हाताला लावून बघा. तापला की बरेच फोन आपोआप ब्राइटनेस कमी करतात आणि मे महिन्यात दुपारी दारात उभं राहून मॅच बघताना नेमकं तेच होतं.

टीव्हीला जोडायचा असेल तर

टाइप-सी आहे म्हणजे एचडीएमआय केबल लावली की टीव्हीवर दिसणार, हा समज आधी काढून टाका. त्यासाठी पोर्टमध्ये डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड लागतो आणि यूएसबी २.० पोर्टवाल्या बहुतेक फोनांत तो नसतो, मग अ‍ॅडॉप्टर दोनशेचा घ्या की दोन हजाराचा. ज्यांना हे करायचंय त्यांनी स्पेक-शीटवर हेच शब्द शोधा, नाही सापडले तर नाही समजा. घरी टीव्ही स्मार्ट असेल तर या भानगडीत पडायचं कारणच नाही.

नेटशिवाय टीव्हीचं काय?

हा प्रश्न मला नेहमी येतो, कारण पूर्वीच्या अँटेना ओढायच्या चायना फोनवर सह्याद्री दिसायचं ते अनेकांना आठवतं. दूरदर्शनने २०१६ मध्ये मुंबईसह १६ शहरांत डीव्हीबी-टी२ प्रसारण सुरू केलं होतं, फोनला डोंगल लावून नेटशिवाय चॅनल बघायची सोय, पण डोंगल कोण घेऊन फिरणार? आता डायरेक्ट-टू-मोबाईलच्या चाचण्या झाल्यात, प्रसार भारती, आयआयटी कानपूर आणि सांख्य लॅब्ज त्यात आहेत, ४७० ते ५८२ मेगाहर्ट्झ हा पट्टा त्यासाठी मागितला गेलाय. मनापासून वाटतं हे यावं, बोगदा सोडला तर ट्रेनमध्ये एकही एमबी न जाळता लाईव्ह मॅच बघता येईल. पण त्याला फोनमध्ये वेगळी चिप लागते, तेव्हा त्याची वाट बघत फोन घेणं लांबवू नका.

शेवटचे दोन उरले की

दोन फोनांवर आलात की वरच्यापैकी एल१ आणि नेटफ्लिक्सची एचडी ही पास-नापास धरा, नापास तो बाद, मग स्वस्त असला तरी. उरलेल्यांत तुमच्या पहिल्या प्रश्नाच्या उत्तराला सगळ्यात जास्त वजन द्या. ट्रेनवाल्याला मॉडेम आणि बॅटरी, रात्री बघणाऱ्याला कमी ब्राइटनेसची स्क्रीन, आईला स्पीकर आणि आकार. तरी बरोबरीत सुटले तर १२० हर्ट्झ व्हिडिओतही टिकवणारा घ्या.

फोन हातात आला की बिल करून निघायच्या आधी दुकानातच सील फोडून डीआरएम इन्फो परत एकदा चालवा, डेमो पीस आणि विकायचा पीस यांत फरक असू शकतो. ऑनलाइन घेतलात तर बदलून द्यायची मुदत किती दिवसांची ते ऑर्डर करायच्या आधी वाचा, काही ठिकाणी फक्त बिघाड असेल तरच बदलून देतात, आणि त्या मुदतीत सगळ्या टेस्ट उरका. पहिल्याच दिवशी सिस्टीम अपडेट टाका, प्रत्येक अ‍ॅपमध्ये जाऊन मोबाईल डेटाची क्वालिटी वेगळी आणि वाय-फायची वेगळी सेट करा, डाउनलोड फक्त वाय-फायवर ठेवा, आणि डोळ्यांना जपणारा पिवळा मोड संध्याकाळी आपोआप चालू होत असेल तर व्हिडिओ अ‍ॅपपुरता बंद करा, नाहीतर सगळ्या सिरीयलमधली माणसं कावीळ झाल्यासारखी दिसतात.